सायमन सरांनी न केलेली सही

सायमन सर गेल्याचं मला एव्हरशाईन वसाहतीच्या नाक्यावर फोनवर कळलं. पहिला विचार आला तो आमच्या कारखान्याच्या शेठचा... आता हा सुटला. मग लक्षात आलं, मीही सुटलो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मशीनचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या त्या कारखान्यात सर प्रोग्राम लिहीत. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की उमेळे गावातल्या आपल्या घरी मला लिनक्सवर रिअल-टाइम प्रोग्रामिंग, म्हणजे ठरल्या वेळेतच काम करणारे प्रोग्राम लिहायला शिकवत. पहिला धडा साधा होता. दर मिलिसेकंदाला जागा होणारा प्रोग्राम लिहायचा आणि त्याला जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजायचं. मग त्याला इतर कामांच्या वरचा क्रम द्यायचा आणि पुन्हा मोजायचं, तेही कॉम्प्युटरला दुसऱ्या कामांनी दमवून. मी मोठ्या हौसेने सरासरी उशीर सांगितला. "कापायच्या मशीनमध्ये सरासरी हात जातो काय रे?" सर म्हणाले. "सगळ्यात जास्त उशीर किती, तो सांग."

पुढे त्यांनीच मला कारखान्यात शिकाऊ म्हणून लावलं. पत्रा कापायच्या मशीनचं काम आलं. हात आत गेला की पातं ठरल्या वेळेत थांबलंच पाहिजे. चाचणीत ते हजारो वेळा थांबलं, आणि तीनदा उशिरा थांबलं. सरांनी अहवालावर सही केली नाही. शेठने ते तीन आकडे अहवालातून काढून टाकले, सरासरी छापली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "कर रे सही, पर्मनंट करतो तुला." मी केली. सरांना त्याच आठवड्यात काढलं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "वाचून केलीस ना?"

काही महिन्यांत हृदयविकाराने सर गेले. त्यांना जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेनंतर त्यांच्याच अंगणात शेठ मशीनच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "सायमन माझा भाऊच. तुमचं मशीन त्यानेच पास केलं." मी पिशवीतून आणलेले मूळ चाचणीचे कागद त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिले. "सही माझी आहे, साहेब. अहवाल खोटा आहे. हे तीन आकडे बघा."

"गाढवा, आता बस घरी," शेठ दातओठ खात म्हणाला.

बसलोय. ऑर्डर रद्द झाली, बाकीची गिऱ्हाइकंही जुने अहवाल मागतायत. हे कळलं त्या दिवशी मी आईला चहा टाकायला सांगितला आणि सावकाश प्यायलो.

परवा सरांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या पत्नी, फिलोमिनाबाई, म्हणाल्या, "सायमनने कोनावर राग धरला नाय कधी. तुझ्यावरपन नाय."

"मी धरलाय, बाई. शेठवर... आणि माझ्यावरही."

सरांच्या खुर्चीवरची कपड्यांची चळत उचलून बाईंनी पलंगावर ठेवली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.