रोवणीतलं अंतराळयान

अंतराळयानाची ती लांबलचक मालिका मी सध्या पहिल्या भागापासून पुन्हा पाहतोय. अख्ख्या केशोरीत ती पाहणारा मी एकटाच, असा माझा तोरा होता. रोवणीला परगावच्या बाया आमच्या धानाच्या बांधीत उतरल्या आणि तो गळून पडला.

त्यांच्यातली एक बाई चिखलात वाकून धान लावता लावता तीच मालिका सांगत होती. यान वळलं की तिच्या हातातली रोपांची पेंडी वळायची. बाया हसत, कप्तानाला शिव्या देत, पण हात थांबत नसत. तेवढ्यात एक नवी सून ओळीत आली. ओळीत नवी बाई आली की गोष्ट पहिल्यापासून, असा त्यांचा रिवाज. बाईनं रंगलेली लढाई सोडून पुन्हा पहिला भाग धरला. कोणी कुरकुरलं नाही.

बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या उभ्या माझा जळफळाट झाला. बोललोच, "मीबी पाहून राहिलो ते. दुसऱ्यांदा."

गोष्ट सांगणाऱ्या बाईनं मान वर केली. "सांगता कोणाले?"

"कोणालेच नाही."

"मंग पाहता कायले, भाऊ?"

ती पुन्हा वाकली. गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी मी दुपारपर्यंत तिथंच उभा राहिलो. सून हसली की मला वाटे, पहिल्यांदा पाहताना हे हसू माझं होतं.