काळ्या राजाची उडी

माझी नात मे महिन्यात पुण्याहून येते ती दोन कामांसाठी. आंबे खायला आणि मला बुद्धिबळात हरवायला. यंदा दुसरं काम तिनं पहिल्याच संध्याकाळी उरकलं आणि मग झोपाळ्यावर बसून मोबाइलवर बुद्धिबळाची कोडी सोडवत राहिली. मी खाली बसून हातांना तेल लावून फणस सोडवत होते. मध्येच तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"आजी, पांढऱ्याची चाल आहे. बघ येतंय का."

मी मान मागे नेऊन चष्म्यातून बघितलं. काळा राजा कोपऱ्यात दडलेला. त्याच्यापुढे त्याचीच दोन प्यादी, एका बाजूला त्याचाच हत्ती. पांढरा घोडा अगदी त्याच्या अंगणात येऊन बसलेला, पांढरा वजीर कडेच्या पट्टीवर टपलेला, आणि लांब तिसऱ्या रांगेत पांढरा हत्ती मोकळा. एके काळी ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं असा माणूस अचानक मासळीबाजारात समोर यावा, तसं मला झालं.

"वजीर फेक," मी म्हटलं. "कोपऱ्यातल्या राजापुढच्या प्याद्यावर. राजाला तो घ्यावाच लागतो. मग हत्ती कडेला आण. बाजूची दोन घरं घोड्यानं धरलीत आणि तिसऱ्यात राजाचंच प्यादं उभं आहे. मेला."

"बरोब्बर! मला चार सेकंद लागले."

"मला तीन आठवडे लागले होते. आणि मामंजींचं मांडवीच्या समुद्रावर फिरायला जाणं बंद पडलं होतं."

"कोण मामंजी?"

"माझे सासरे. तुझे पणजोबा. मोबाइल ठेव आणि गरे घे, सांगते."

मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा बी.ए.ला दुसरा वर्ग मिळवलेली आणि तो पहिला असल्यासारखी वागणारी मुलगी होते. या घरात आपल्याला नुसती सून म्हणून नाही, हुशार सून म्हणून ओळखलं पाहिजे, असं मी एसटीत बसतानाच ठरवलं होतं. अडचण एवढीच की घरात कुणाला हुशार सून हवी आहे असं दिसेना. सासूबाईंना भाकरी पातळ थापणारी हवी होती. मामंजींना काय हवं होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते बोलत नसत. कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे जन्मभर लोकांचे दस्तऐवज काना-मात्रेचाही फरक न करता उतरवून काढलेले. निवृत्त झाले आणि उजवा हात थरथरायला लागला. जणू तोही निवृत्त झाला.

त्यांचा एकच शौक होता. पुण्याहून एक साप्ताहिक यायचं, त्यात बुद्धिबळाचं कोडं असायचं. मामंजी रविवारी पडवीत पट मांडत, पण सोंगट्यांना हात लावत नसत. सगळं डोक्यात. मग उत्तर पोस्टकार्डावर लिहून धाडायचं, प्रत्येक चालीमागचं कारण देऊन. दोन आठवड्यांनी अचूक उत्तरं देणाऱ्यांची यादी छापून येई आणि तिच्यात त्यांचं नाव असेच. ते नाव बघून ते कात्रीनं यादी कापत, वहीत चिकटवत, आणि संध्याकाळी मांडवीवर त्यांच्या तीन मित्रांबरोबर जरा ताठ चालत. एवढीच त्यांची मिजास.

हात थरथरायला लागल्यावर ते कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे असं कुणीतरी लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. मला वाटलं, चला, दार उघडलं.

तर तो हा पट. मामंजींनी मला बोलावलं, डोळे मिटले आणि उत्तर सांगितलं. वजीर मारून शह, राजाने वजीर घ्यावा, हत्ती कडेला, मात. मी लिहिलं. ते आंघोळीला गेले. मी पटाकडे बघत बसले आणि माझ्या अंगावर काटा आला. मामंजी चुकले होते! राजाची उडी शिल्लक होती!

"कसली उडी?" नातीनं तोंडात गरा तसाच ठेवून विचारलं.

तिला काय माहीत. आमच्या माहेरी, दापोलीजवळच्या खेड्यात, बाबांनी मला देशी पद्धतीनं डाव शिकवला होता. त्यात किल्लेकोट नसतो, म्हणजे राजाला हत्तीच्या आड लपता येत नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मला वाटायचं, जगभर असंच खेळतात. तेव्हा हत्तीनं शह दिला की हा राजा आपला टुणकन उडी मारून मैदानात, मोकळा! कुठली आलीय मात?

शहाण्या मुलीनं मामंजींची आंघोळ होईपर्यंत थांबून विचारलं असतं. मी शहाणी नव्हते, हुशार होते. मी कार्डाच्या उरलेल्या जागेत सुंदर अक्षरात लिहिलं, 'तथापि काळ्या राजाची घोड्याची उडी शिल्लक असल्यामुळे सदर मात होत नाही. कोडे सदोष आहे. कृपया खुलासा करावा.' खाली मामंजींचं नाव होतंच. पदर खोचला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. संपादक माफी मागणार, ती छापून येणार, मामंजी चकित होणार, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणणार, ते मी लिहिलं होतं. हे वाक्य मी दोन आठवडे घासूनपुसून ठेवलं होतं.

"आजी, तू इतकी येडी होतीस?"

"याहून जास्त. ऐक."

साप्ताहिक आलं. मामंजींनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मी दाराआड तांदूळ निवडत होते, म्हणजे एकच मूठ पुन्हा पुन्हा निवडत होते. मग त्यांनी यादीखालचा मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि अंक तिथेच उघडा ठेवून आत गेले. मी जाऊन बघितलं. लिहिलं होतं, 'रत्नागिरीच्या आमच्या एका जुन्या वाचकांनी काळ्या राजाला घोड्यावर बसवून पळवले आहे. कोकणातले राजे असे पळत असतील. आमच्याकडचे जागच्या जागी मरतात.'

संध्याकाळी मांडवीवर तिघं मित्र वाट बघत उभेच होते. हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, त्यांचे यजमान त्या तिघांतले. एकानं विचारलं, "काय हो, राजा हातखंब्याच्या तिठ्याला पोचला का?" दुसरा म्हणाला, "तिथून मुंबईकडे वळला की गोव्याकडे, तेवढं कार्ड टाकून कळवा." मामंजी हसले म्हणे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फिरायची काठी घेतली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पडवीत बसून राहिले.

आता मला खरी भीती वाटली. त्यांनी मला एक शब्दही विचारला नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणून मी ठरवलं की आपणच हल्ला करायचा, आणि तोसुद्धा साधा नाही, बळी देऊन. मी चुलीपाशी बसून सगळा डाव डोक्यात मांडला. पहिली चाल, मी जाऊन पायांवर डोकं ठेवणार. ते रागावणार, दुसरं करणार काय? दुसरी चाल, मी रडणार. मला रडायला फार वेळ लागत नसे. तिसरी चाल, आवाज ऐकून सासूबाई बाहेर येणार आणि म्हणणार, जाऊ दे हो, पोर आहे. संपलं. तीन चालींत मामंजी कोपऱ्यात.

मी गेले, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "मामंजी, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "उडी कुठल्या घरात मारणार होता?"

ही चाल माझ्या हिशेबात नव्हती. रागवायचं सोडून हे घर विचारतायत. मी उठून घर दाखवलं. त्यांनी पट बघितला, बराच वेळ बघितला.

"देशी खेळता होय तुम्ही. आम्हीपण लहानपणी तेच खेळायचो. पण सूनबाई, देशीतसुद्धा राजाला एकदा शह बसला की उडी जाते. इथे आधी वजिरानं शह दिलाय. उडी तेव्हाच गेली."

"आमच्याकडे जात नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे शह बसला तरी एक उडी असते."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

मामंजींनी मान वर करून माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. लग्नातसुद्धा त्यांनी एवढं बघितलं नव्हतं.

"तू लहानपणी हरलीस की रडायचीस का गो?"

इतकी वर्षं ज्याला मी बुद्धिबळाचा कायदा समजत होते तो माझ्या रडण्यावर बाबांनी शोधलेला उतारा होता, आणि तो मी पुण्याला छापायला पाठवला होता. तिकडे सासूबाई आतून ओरडल्या, "काय झालं हो?" मामंजी म्हणाले, "काही नाही. राजा सापडला."

पण मामंजींचं फिरणं काही सुरू होईना. यादीत नाव आल्याशिवाय त्या तिघांसमोर जायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं. पुढचं कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं. माझ्या हाती द्यायचा प्रश्नच नव्हता. थरथरत्या हातानं तासभर लिहिलं. मी ते चोरून बघितलं आणि मला त्यातला फक्त पत्ता लागला, तोही माहीत होता म्हणून. पुण्यात कुणाला लागणार? यादी आली, नाव नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. वहीत चिकटवायला काही नाही, काठी कोपऱ्यात.

शेवटी एका रविवारी त्यांनी हाक मारली. "सूनबाई, लिही. आणि मी सांगीन तेवढंच लिही."

मी हुशारीच्या जोरावर आत जायला निघालेली बाई, आणि मला परत बोलावलं ते अक्षर लागत होतं म्हणून. लिहिलं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. ते प्रत्येक कार्ड माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत, कोर्टात घेतात तसं. दोन आठवड्यांनी नाव आलं. त्या संध्याकाळी काठी घेऊन गेले.

"म्हणजे सगळं ठीक झालं," नात म्हणाली. तिचं लक्ष पुन्हा मोबाइलकडे जायला लागलं होतं.

"माझं कुठे झालं? मी लेखणीच राहिले ना."

असे दोन-तीन महिने गेले असतील. मग एकदा पुन्हा यादीत नाव नव्हतं. या वेळी कार्ड बिनचूक उतरवलेलं होतं, चूक मामंजींचीच. त्यातही वजिराचा बळी होता, पण त्या पटात राजानं तो घेतलाच पाहिजे असं नव्हतं. न घेता बाजूला सरकला तर काय, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. छापलेलं उत्तर पुढ्यात घेऊन ते स्वतःवरच चरफडत बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी चिडून छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "राजा घेतच नाही. एवढं साधं!"

आणि मी, कप खाली ठेवता ठेवता, अगदी सहज म्हणाले, "हो, मला दिसलं होतं."

"तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल तेवढंच लिहायचं होतं ना."

मी पाठ फिरवून आत आले आणि फडताळाला टेकून उभी राहिले.

नातीनं मोबाइल खाली ठेवला. "भारी! आणि खरंच दिसलं होतं तुला?"

"कुठलं गो? मी तो पट धड बघितलासुद्धा नव्हता. ते सांगत होते आणि मी मनात भाजीचा विचार करत होते."

"आजी! खोटं बोललीस?"

बोलले. आणि त्याची शिक्षा पुढच्याच रविवारी मिळाली. मामंजींनी मला हाक मारली तेव्हा मी कार्ड आणि पेन घेऊन गेले, तर म्हणाले, ते ठेव. पाट ओढून पटासमोर मला बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून बसले.

"सांग, काय दिसतंय."

मी सोंगट्यांकडे बघितलं. सोंगट्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक चाल सांगितली. ते म्हणाले, पुन्हा बघ. दुसरी सांगितली. पुन्हा बघ. ऊन पडवीतून अंगणात उतरलं. आत भात शिजल्याचा वास आला, आमटीला फोडणी बसली, ताटं मांडल्याचा आवाज झाला, आणि ते सगळं सासूबाई एकट्या करत होत्या आणि मला हाक मारत नव्हत्या, म्हणजे त्यांनाही ताकीद होती. शेवटी सासूबाईच पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"दिसलं का गो तुला काही?"

मला रडू आलं होतं, पण ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं.

"हां," मामंजी मागून म्हणाले. "आता बघ."