पायाळू बाईंच्या खोलीत

"चप्पल काढून मारू का घालून?" बाई आधी विचारायच्या. मग आमच्या पाठीत लाथ घालायच्या.

दचकू नका. बाई पायाळू होत्या, म्हंजे जन्मताना पाय आधी भाईर आलेले. अशा माणसानं लाथ मारली की उसण जाती, असं आमची चाळ मानायची. मी सात रस्त्याला टांगा हाकायचो. पाठ सारखी धरायची, की बाईंच्या दारात जाऊन ओणवा. माझा घोडा बी मला लाथा मारायचा, पर तो पायाळू नसावा. गुण यायचा न्हाय.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. लाथ मारून म्हणायच्या, "यानं काही होत नाही हं, टांगेवाले. घरी जाऊन शेका."

पर पायाळूची दुसरी गोष्ट तुमाला बी ठाऊक असंल. पायाळूवर वीज पडती म्हणत्यात. आभाळ गडगडलं की तीच चाळ म्हणायची, "बाई, जरा लांब जावा की."

"लाथेला मी चालते, आणि ढग आले की नको?" असं म्हणून बाई दार उघडं टाकून खाटेवर पेपर तपासत बसायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एकदा शेजारच्या गोदामावर वीज पडली. चाळीचे मालक, आमी त्यांना अप्पा म्हणायचो, दारात आले. "बाई, पुन्यांदा ढग यायच्या आत खोली सोडा."

बाई एकट्या. जायाला दुसरं घर न्हवतं. "सोडत नाही," म्हणाल्या. "छपरावर तांब्याची सळई लावते. वीज आली तर सळईतनं जमिनीत जाईल."

आमी हसलो. तवा बाईंनी कंगवा काढला आन कुणाच्या तरी डोक्यावर फिरवते म्हणाल्या. मी हौसेनं टोपी काढली. टोपीखाली केस असते तर काय पायजे होतं. शेवटी बाईंनी सोताच्याच केसांतनं कंगवा फिरवला, कागदाच्या कपट्यांजवळ धरला. कपटे टुणकन कंगव्याला चिकटले.

"ही वीज. ढगातली पण हीच. लांबच्या देशात एकानं वादळात पतंग उडवला, दोरीला किल्ली बांधली. किल्लीजवळ बोट नेलं तर ठिणगी उडाली."

मी इचारलं, "तो पायाळू होता का?"

"कुणी लिहून ठेवलं नाही. विजेनंही विचारलं नाही."

अप्पा म्हणाले, "सळई लावा न्हायतर पतंग उडवा. खोली सोडा."

बाईंनी वायरमन आणून सळई लावलीच. तिची तार जमिनीत पुरायला खालचा खड्डा मी खणला. शूर म्हणून न्हवं. बाई गेल्या तर लाथ कुणाकडं मागायची? खड्डा खणून पाठ धरली ती येगळीच.

मग एक दिवस दुपारी आभाळ काळं झालं. बाई निघंनात, म्हणून आमीच निघालो. दारांना कुलपं घालून, लेकरं काखंत मारून अख्खी चाळ समोरच्या चिंचेखाली. मी बुंध्याला चिकटून.

बाई दारातनं म्हणाल्या, "झाडाखाली थांबू नका. आत या."

कोण हललं न्हाय. मग असं कडाडलं, की अप्पांच्या आधी अप्पांचं धोतर पळालं. पळून जाणार कुटं? उघडं दार एकच होतं.

बाई उंबऱ्यात उभ्या. "चप्पल काढून."

अप्पांनी बी काढली. आमी एकमेकांच्या मांडीवर बसलो, आन समोर चिंच उभी फाटली. सगळ्यांनी आतनं बघितलं. बाई खाटेवर पेपर तपासत होत्या.

खोलीचं पुन्यांदा कोण बोललं न्हाय. अप्पांची पाठ धरली तवा बाईंनी नेहमीचं इचारलं. "घालूनच मारा," अप्पा म्हणाले.

लई वर्षांनी बाई गेल्या, त्याच खोलीत, झोपेत, थंडीच्या दिवसांत. आभाळात ढगाचं चिरगूट न्हवतं. मी हे असं छाती काढून सांगतो, जसं काय ढग मीच हाकलले.

खोलीत आता एका तरण्या पोरीचं बिऱ्हाड हाय. सळई हाय तितंच. गडगडलं की आमी मुकाट तिकडं निघतो. त्या पोरीला कळत न्हाय, आपापली घरं सोडून ही म्हातारी माणसं दाराभाईर चपला काढून हितं का बसत्यात.