बोंडअळीला पहिला नंबर

देऊळगाव राजात बियाणं-औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर डिजिटल इमेजिंगचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला, तेव्हा तालुक्यात टंचाई होती ती फक्त कलेची. बाकी सगळं कसं भरभरून चाललं होतं. खालच्या दुकानातून फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर यायचा आणि ‘कलात्मक दृष्टी’च्या तासाला निम्म्या वर्गाचं डोकं उठायचं. सरांचा समज असा, की विषय खोल आहे.

सर मूळचे पुण्याचे. जालन्यात खोली करून राहायचे आणि आठवड्यातून तीन दिवस बसनं आमचा उद्धार करायला यायचे. आम्ही बारा जण, कॅमेरे तीन आणि धड लेन्स एकच. आमच्यापैकी कुणी ‘काऊन’ म्हटलं की सरांना हसू यायचं, मग ते फळ्याकडं तोंड करून सावकाश ‘का’ म्हणून दाखवायचे. फोटोग्राफी किती आली ते पुढं सांगतेच, पण ‘का’ म्हणायला आम्ही सगळे शिकलो.

पहिल्या महिन्यात पॅनिंग झालं. म्हणजे धावत्या वस्तूबरोबर कॅमेराही फिरवायचा, वस्तू स्पष्ट येते आणि मागचं सगळं ओढून काढल्यासारखं दिसतं. आम्ही दुसरबीडच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. कॅमेऱ्यासाठी हात वर केला की एसटीच्या ड्रायव्हरला वाटायचं, पोरांनी हात दाखवला. भला माणूस बस थांबवायचा. एरवी त्याच थांब्यावर हात हलवून हलवून खांदा निखळला तरी न थांबणारी एसटी, ती पळायला हवी होती त्याच दिवशी नेमकी थांबत होती. थांबलेल्या बसचे माझ्याकडं सात फोटो आहेत.

मग काचेला व्हॅसलीन लावून स्वप्नाळू फोटो काढायचं तंत्र आलं. मी घरी येऊन बाबांचा तसा फोटो काढला आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढं धरला. बाबांनी तो जवळ नेला, लांब नेला. म्हणाले, “असं तं मले फुकटच दिसून राह्यलं. मोतीबिंदू हाय ना.”

सरांचं एक वाक्य मात्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. “जे नको ते धूसर करा. बघणाऱ्याची नजर कुठं थांबणार, ते तुम्ही ठरवायचं.” मला ते फार आवडलं होतं. आमच्या घरात आजवर माझ्या ठरवण्यावर काहीही थांबलं नव्हतं.

कोर्सलाही मी माझ्या मर्जीनं गेले नाही, मोठ्या आईच्या मर्जीनं गेले. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची मोठी भावजय. मोठे बाबा मी शाळेत असतानाच तापानं गेले. त्यानंतर सातबारा तिच्या नावावर झाला आणि तिनं ते वावर कुणाला अर्ध्या वाट्यानं, बटईनं न देता स्वतः केलं. पोरीनं बसनं जाऊन फोटो काढायला शिकायचं, हे बाबांना काही पटत नव्हतं. मोठी आई ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “मी एकटी वावर पाहून राह्यली, कोनं खाल्लं मले? जाऊ द्या तिले.” बाबा तिच्यापुढं बोलत नसत. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये होते.

त्या वर्षी बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी आली. बीटी आली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की बोंडअळी आता विसरा. आम्ही विसरलो. अळीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. बरं, ही अळी दिसतही नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, फोटो काढावा असं. अंगठ्यानं फोडलं की आत ती बसलेली आणि सरकी पोखरलेली. सगळ्या गावाची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी होती आणि सगळ्या गावाचा कापूस गेला होता.

भरपाईसाठी अर्ज मागवले. तलाठ्याला प्रत्येकाच्या वावरात जाणं काही होईना, तेव्हा निरोप आला की शेतकऱ्यानं आपल्या पिकात उभं राहून फोटो काढावा आणि अर्जाला लावावा. त्यासरशी बसस्टँडजवळच्या स्टुडिओवाल्या चाचांना दम खायला सवड उरली नाही. चाचा चाळीस वर्षं फोटो काढत होते. ते स्कूटरवरून गावात यायचे, भर दुपारच्या उन्हात माणसाला पिकात सरळ उभा करायचे, ‘हालू नको’ म्हणायचे आणि बटन दाबून पुढच्या वावरात जायचे. दिवसाला वीस-पंचवीस वावरं. फोटोतला प्रत्येक माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसायचा. आम्ही कोर्सची मंडळी ते फोटो बघून एकमेकांना कोपरानं ढोसायचो. प्रकाश सपाट, सावल्या काळ्या, रचनेचा पत्ता नाही. चाचांना बिचाऱ्यांना कलात्मक दृष्टी नव्हती.

मोठ्या आईनं चाचांना परत पाठवलं. “घरात फोटोवाली असून बाहेरचा काऊन बोलवू?” असं चारचौघांत म्हणाली. चाचांनी स्कूटरला किक मारता मारता मला एवढंच सांगितलं, “बेटा, फोटो कुठी लावायचा हाय ते पाह्यजो पहिले. घरात का हापिसात.” मी मान हलवली आणि मनात म्हटलं, जुन्या काळातला माणूस आहे.

सरांच्या हातापाया पडून मी ती एकुलती एक लेन्स एका दिवसासाठी घरी आणली. चाचा दुपारी काढतात म्हणून मी सकाळी सातला गेले, कोवळं ऊन पाहिजे ना. मोठी आई माझ्या आधीच पऱ्हाटीत उभी होती. वांगी रंगाचं ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले.

“तशी उभी नको राहू,” मी म्हटलं. “चाचाच्या फोटोसारखी दिसून राह्यली.”

तिनं हात सैल केले, पण ते कुठं ठेवायचे ते तिला समजेना. मग मी तिला एक बोंड फोडायला सांगितलं. तिनं अंगठे रोवून बोंडाच्या पाकळ्या उकलल्या. ओल्या पांढऱ्या कापसात, हिरव्या सालीच्या आत, गुलाबी अळी. सकाळचं ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं. मला काय वाटावं? मला वाटलं, काय रंग आहे!

मोठी आई त्या अळीकडं बघत म्हणाली, “पाह्य, कशी आरामात बसली. सारं वावर असंच हाय.”

“तू मागं सरक,” मी म्हटलं.

मी ते बोंड फांदीवर नीट टेकवलं, जमिनीवर आडवी झाले आणि मोठ्या आईला मागं पाठवत राहिले. अजून मागं. थोडी डावीकडं. वांगी रंग त्या गुलाबीच्या मागं छान बसत होता, तो नेमका कुठं यावा एवढंच मी बघत होते. दोन-अडीच तास ती त्या पऱ्हाटीत पुढं-मागं होत राहिली. शेवटी तिनं दुरूनच विचारलं, “एवढ्या दूरून तोंड येते ना व माह्यं?”

“येते, येते,” मी म्हटलं.

येत नव्हतं. मला ते समोर दिसत होतं. एक साधा फोटोही काढून ठेवावा असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण साधे फोटो चाचा काढायचे.

अक्षर चांगलं म्हणून अर्ज मीच भरला, फोटो मीच चिकटवला आणि तालुक्याला मीच नेऊन दिला. कारकुनानं न बघता तो गठ्ठ्यावर टाकला. घरी आल्यावर मोठ्या आईनं विचारलं, “देल्ला ना? मंग झालं,” आणि लगेच पऱ्हाटी उपटायला घेतली. आठ दिवसांत वावर मोकळं करून तिनं हरभरा पेरला. सगळे तेच करत होते. रिकाम्या बोंडांना पाणी पाजत कोण बसणार?

इकडं सरांना तो फोटो दाखवला तर ते खुर्चीतून उठले. म्हणाले, “हे तुझं काम?” आणि इतर अकरा जणांना जवळ बोलावलं. “बघा, नजर कुठं थांबते. अळीवर! मागची आकृती आहेही आणि नाहीही.” त्यांनी फोटोला नाव दिलं ‘गुलाबी पाहुणी’ आणि कोर्सच्या शेवटच्या प्रदर्शनासाठी तो मोठा करून घेतला. मी आठवडाभर जमिनीवर चालत नव्हते.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. चाचांनी पकडून आणलेले सगळे आरोपी यादीत होते. मोठी आई नव्हती. ती म्हणाली, राहिलं असंल, दुसऱ्या यादीत येईल. मी गुपचूप तलाठ्याकडं गेले. त्यानं तालुक्याहून तपासणीला आलेल्या गठ्ठ्यातून अर्ज काढला आणि फोटो माझ्यापुढं धरला. “ताई, याच्यात शेतकरी कुठी हाय? अळी हाय. सातबारा अळीच्या नावावर हाय काय?” खोलीतले सगळे हसले. दुसऱ्या कुणाच्या फोटोवर असता तर मीही हसले असते, इतका चांगला विनोद होता. माणूस तसा वाईट नव्हता. “चार दिवस हायेत,” म्हणाला. “दुसरा फोटो आना. पिकात उभी पाह्यजे बाई, आन तोंड दिसलं पाह्यजे.”

पीक बांधावर पडलं होतं, चुलीला लावायच्या सरपणाच्या ढिगात.

पण मी काय साधीसुधी होते? माझं डिजिटल इमेजिंग झालं होतं. वर्गातल्या कॉम्प्युटरवर मी एका लग्नाच्या फोटोतून मोठी आई कापली आणि शेजाऱ्याच्या कापसात उभी केली. कडा घासून घासून मऊ केल्या. चाचांकडं प्रिंट काढायला नेलं, तर त्यांनी चष्मा वर केला. “साऱ्या झाडाइची सावली इकडं आन हिची तिकडं. आन बेटा, नुकसान झालेली बाई हसून राह्यली?” चष्मा परत डोळ्यांवर घेत म्हणाले, “पकडलं तं गुन्हा तिच्या नावावर. तुह्या नाई.” मी ती प्रिंट काढली नाही. चार दिवस गेले.

मोठ्या आईला मी काही सांगितलं नाही. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि पहिला नंबर कुणाचा ते मला कळलं होतं. आज हे लिहिताना मला स्वतःची किळस येते. तेव्हा आली नव्हती, तेव्हा मी कुठला ड्रेस घालायचा ते बघत होते.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. प्रमुख पाहुणे म्हणून खालच्या बियाण्याच्या दुकानाचे मालक लाभले होते. तालुक्यात अळीची त्यांच्याइतकी जवळून ओळख कुणाला असणार? त्यांनी माझ्या फोटोपुढं हात मागं बांधून बराच वेळ काढला, “निसर्गाची किमया” म्हणाले आणि मला प्रमाणपत्र दिलं. टाळ्या झाल्या.

मोठी आई तेच वांगी लुगडं नेसून आली होती. मी बोलावलं नव्हतं, बाबांकडून कळलं म्हणून एकटी बसनं आली. तिनं आधी मला जवळ घेतलं, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मग फोटोकडं वळली. तो आता चांगला खिडकीएवढा होता. तिनं तो वरून खाली पाहिला. मग डावीकडून उजवीकडं.

“मी कुठी हावो याच्यात?”

मी काही बोलायच्या आत सर पुढं झाले. त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. “मावशी, ही मागं जांभळी छटा आहे ना, तिथं एक बाई आहे. मुद्दाम धूसर केलीय. नाहीतर लक्ष तिच्याकडं गेलं असतं.”

मोठ्या आईनं त्या छटेवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या पदराकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

“तालुक्याले बी हाच देल्ला होता?”

“हो,” मी म्हटलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. तिनं फोटोवरचं बोट काढलं, काचेवर डाग पडला होता तो पदरानं पुसला आणि म्हणाली, “मंग त्यायचं बरोबर हाय. मी रोज त्या तलाठ्याले शिव्या देऊन राह्यली होती.”

परतीच्या बसमध्ये माझं प्रमाणपत्र तिनं स्वतःच्या मांडीवर धरलं, गर्दीत चुरगळू नये म्हणून. मी मागितलं तर दिलं नाही. हरभऱ्याच्या सोंगणीला ती दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायला लागली. मोठे बाबा गेले त्या वर्षीसुद्धा ती कुणाच्या वावरात गेली नव्हती.