पत्र्याखालची गादी

आमच्या फायनल इयर प्रोजेक्टचा रिपोर्ट चांगला ऐंशी पानांचा झाला. सोनेरी अक्षरांत बाइंडिंग वगैरे. पण वर्षभरात जे खरोखर घडलं, त्यातलं एक अक्षरही त्यात नाही. ते सगळं आमच्या तिघांच्या डोक्यात साठून राहिलंय आणि चहाच्या टपरीवर भेटलो की एकेक बाहेर पडतं. रिपोर्ट कुणी वाचत नाही, हे मात्र कुणीही 'परत सांग' म्हणतं!

*

विषय सरांनी दिला. 'टाकाऊ वस्तूंपासून उष्णतारोधक पॅनल.' नाशिकच्या भर एप्रिलमध्ये, केबिनचा एसी अठरावर ठेवून आणि अंगात हाफ स्वेटर घालून त्यांनी आम्हाला उन्हाचं गांभीर्य समजावलं.

आम्ही तिघं म्हणजे मी, लासलगावचा रोहित आणि मनमाडची सोनाली. मी आणि रोहितनं विचारलं, "मार्क किती?" सोनालीनं विचारलं, "सर, पॅनल नंतर घरी नेता येईल?"

तिचं घर पत्र्याचं. दुपारी आत बसवत नाही, मग झोपणं तर लांबच. तिची आई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दारात बसून दुपार काढते. "तेवढंच नळाकडे लक्ष राहतं," सोनाली म्हणायची. मनमाडला नळ कधी येईल याचा नेम नाही, आणि आलेला नळ चुकवणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. तिच्या आईनं तो जन्मात केला नव्हता.

*

रोहितनं घरी फोन करून रुबाबात सांगितलं, "मम्मी, मी सध्या उष्णतेवर काम करतोय."

तिसऱ्या दिवशी गावाकडून डबा आला. गुलकंद, सब्जा आणि चिठ्ठी : 'रात्री तळपायाला खोबरेल लाव. डॉक्टरला दाखवलं का?'

पुढे वर्षभर तो घरी गेला की शेजारपाजारचे आवाज खाली आणून विचारायचे, "उष्णता कमी झाली का रे?"

*

पॅनलमध्ये भरायला रोहितनं लासलगावहून कांद्याच्या जुन्या गोण्या आणल्या. लॅब सांभाळणारे मामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही लॅब हाय का मार्केट यार्ड?"

आम्ही गोण्या आणि रद्दीचे तुकडे दाबून पॅनल शिवलं आणि विसरलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो तर शिवणीतून हिरवीगार पात बाहेर आलेली! गोणीत दोन कांदे राहून गेले होते.

सर कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. रोहित म्हणाला, "सर, ग्रीन बिल्डिंग!"

*

टेस्टिंगसाठी आम्ही पत्र्याचं झाकण असलेली चार खोकी केली होती. प्रत्येकावर मोठा बल्ब आणि आत थर्मामीटर. तिसऱ्या खोक्यात द्राक्षांच्या पेट्यांमधला थर्माकोल होता, आणि त्याचं रीडिंग एवढं गार आलं की आमचे डोळेच फिरले. सरांनी तासाभरात स्टाफ ग्रुपवर टाकलं, 'आपल्या विभागात क्रांतिकारक शोध.' खाली टाळ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी मामा सहज म्हणाले, "भर दुपारी बल्ब लावून ठेवता व्हय? तेवढ्या एका बल्बाला हात पुरतो माझा. मी येता-जाता बंद करतो."

सरांनी फोन काढून त्या टाळ्या एकदा मोजल्या. मग म्हणाले, "ग्रुपवर राहू दे. लोक दोन दिवसांत विसरतात."

*

शेवटी बाजी मारली गोण्यांनीच. सोनालीनं घरासाठी तशी सहा पॅनलं शिवली आणि पॅसेंजरनं मनमाडला नेली. डब्यात चार बायकांनी 'गादी दिसतेय' म्हणून त्यावर ऐसपैस बैठक मारली, ती थेट मनमाडपर्यंत. आम्ही रिपोर्टमध्ये 'लोड टेस्ट : समाधानकारक' असं लिहून टाकलं.

पॅनलं तारेनं पत्र्याखाली बांधली. थर्मामीटर मात्र मिळाला नाही. तो कॉलेजबाहेर न्यायला अर्ज लागतो, आणि अर्जाचा नमुना संपला होता.

*

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले. फार मोजकं बोलणारे गृहस्थ. शेवटचं प्रकरण उघडून म्हणाले, "प्रत्यक्ष घरात बसवलंय म्हणता. रीडिंग?"

"नाही, सर," सोनाली म्हणाली.

"मग हे घराचं प्रकरण काढून टाका. फरक पडला हे कशावरून म्हणायचं?"

सोनालीचा चेहरा पडला. आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. आणि तेवढ्यात सोनालीचा फोन वाजला. आई! ती कट करायला गेली, तर परीक्षक म्हणाले, "घ्या. स्पीकरवर घ्या."

"सोने! त्या पत्र्याखालच्या गाद्यांना आधी काडी लाव! नळ येऊन गेला! सगळ्या गल्लीनं पाणी भरलं अन् मी मेली घोरत पडले!"

सोनाली तोंडावर हात धरून उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. "बाई, किती वाजता झोपला होतात?"

"जेवून पडले, एक वाजला आसंल."

"आणि उठलात कधी?"

"आत्ता! शेजारणीनं दार बडवलं तवा!"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी रीडिंगच्या रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली.

पलीकडून आवाज आला, "पण तुम्ही कोण बोलताय? पाणी सोडणारे का? मग आजून एकदा सोडा की!"