बाळ कसं होतं

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत मी जबलपूरच्या एका इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. तोफांच्या फॅक्टरीतली माणसं एकापाठोपाठ दोन पाळ्या करत, त्यामुळे बायकांसोबत बहुधा नवरा नसेच. सासू नाहीतर शेजारीण रिक्षातून घेऊन यायची. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावलेला, म्हणून भरदिवसा दिवे लावून काम चालायचं.

अशाच एका दुपारी गोहलपूर मोहल्ल्यातून एक पहिलटकरीण आली. सोबत सासू होती. कळा चांगल्या येत होत्या. मी तिचा हात धरून म्हणाले, "घबराओ मत, मैं यहीं हूँ." बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. डॉक्टरीणबाई जिवाच्या आकांताने झटत होत्या, मी ओटीपोटावर दाब देत होते. बाळ निघालं ते निळं पडलेलं. त्याला श्वास देत मी किती वेळ वाकून होते कोण जाणे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरला. "बस्स आता."

मुलगा होता. दुपट्यात गुंडाळून सासूकडे दिला. आईला दाखवायचं नाही, अशीच तेव्हा पद्धत होती. पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई ओरडत होती. मी हात धुतले आणि तिच्याकडे गेले.

घरी आई विचारायची, "काहून जेवून नाही राहिली?" आपण दाब नीट दिला नाही, हेच डोक्यात घोळत होतं. कुणी कळ देताना ओरडलं की मी दुसऱ्या नर्सला पुढे करायचे. मी मेट्रनकडे बदली मागितली. "सबके साथ होता है, सिस्टर," त्या म्हणाल्या. "काम में लगी रहो, भूल जाओगी."

विसरले नाही. एकदा चहाच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "तुम्हाला झोप लागते?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तेच बाळंतपण मी रोज मनात पुन्हा करते," त्या म्हणाल्या. "दर वेळी काहीतरी वेगळं करून बघते."

"आपण तिला भेटायला जाऊ या."

"शिव्या देईल ती."

"देऊ दे."

रविवारी दोघी गेलो. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. शिव्या दिल्या नाहीत. सासू पाणी आणायला आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "दीदी, कैसा था? मुझे किसी ने नहीं बताया."

मी सांगितलं. केस दाट, काळेभोर, कपाळावर चिकटलेले. बोटं लांब. हनुवटी तिच्यासारखीच. ऐकता ऐकता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग म्हणाली, "मैंने ज़ोर कम लगाया ना?"

"नहीं," डॉक्टरीणबाई एकदम बोलल्या. बाळ कसं अडकलं, ते त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. "तुम्हारी कोई गलती नहीं थी." तिच्यासारखंच मीही स्वतःला दोष देत आले होते. ते उत्तर मलाही हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनना म्हटलं, बदली नको. पण जी आई मागेल, तिला तिचं बाळ दाखवायचं, हातात द्यायचं. आणि असं काही झालं की त्या खोलीत जे होते त्यांनी आधी एकत्र बसून बोलायचं, मगच पुढची बाई हातात घ्यायची.

"लड़ाई चल रही है. स्टाफ कहाँ है?"

"जितना समय मिले, उतना."

त्यांनी हो म्हटलं नाही. आम्ही तरीही बसू लागलो, कपड्यांच्या खोलीत, कधी चहा संपेपर्यंत, कधी तेवढाही वेळ नसे. आयाबाईही बसायच्या. कुणी बोलायचं, कुणी नुसतं रडायचं. मेट्रन दोनदा रागावल्या. मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा बसले.

लढाई संपल्यावर वॉर्डात एक आई बाळंतपणात दगावली. आम्ही बसलो होतो, तेवढ्यात दार उघडून मेट्रन आत आल्या. आता बोलणी ऐकावी लागणार, म्हणून मी उठले. त्यांनी खुणेनेच मला खाली बसवलं, स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातात दगावलेल्या एका कोवळ्या बाळंतिणीबद्दल बोलायला लागल्या. तिच्या नाकात कोणती चमकी होती, तेही त्यांना आठवत होतं.