सहावी काच

आमच्या ग्रुपचे फोटो बोटांवर मोजण्याइतके, किस्से मात्र पोतंभर. कारण आम्ही तिघं डोंगरांचे फोटो काढतो ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने. लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं कापड आणि फिल्मऐवजी काच. मी डोंबिवलीची, नितीन दिव्याचा आणि कॅमेरा कांबळेकाकांचा. आंबिवलीतला त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ बंद झाला, हा तेवढा राहिला. काचांवर फोटो उमटवणारा रासायनिक मसाला ते घरीच चढवतात. यंदा म्हणाले, "डोळे आता साथ देत नाहीत. या शेवटच्या सहा."

*

पहिली मलंगगडासमोर. काका सवयीने डोंगराला म्हणाले, "हनुवटी थोडी वर. हलू नका." नितीन इतका हसला की तिपाईला धक्का लागला. फोटोत मलंगगड चक्क हललाय.

काका शांतपणे म्हणाले, "कस्टमर नाही हलला."

*

खडवलीजवळ तिपाई मांडली, तर शेतातून एक आजी तरातरा आल्या. आम्ही त्यांना मोजणीवाले वाटलो. "रस्ता कुठून नेताय?"

"आजी, डोंगराचा फोटो काढतोय."

त्यांना काही पटेना. सरळ कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मंग माझा पन काढा. जमीन कोनाची ते दिसंल."

काढला. आमचा सगळ्यात चांगला फोटो तोच. डोंगर आजींच्या पदराआड गेलाय.

*

तिसरी काच माझी. माहुलीवर ढग बाजूला झाले आणि सुळके एकदम समोर आले. मला भीती वाटली, आणि तिथून हलावंसंही वाटेना. घरी काच धुतली तर कोरी. तिच्यापुढची झाकणपट्टी काढायचीच राहिली होती. काकांना सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाबरलीस ना? मग बरोबर," ते म्हणाले. "माझी पहिली अशीच गेली."

चौथी-पाचवी नितीनने उतरताना फोडल्या. त्यावर तो बोलू देत नाही.

*

राहिली एक. काकांना घरच्या भिंतीवर माहुलीचा स्वतः काढलेला एक तरी फोटो हवा होता. पण कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवरचं चित्र त्यांना आता स्पष्ट दिसेना. म्हणून पायथ्याशी रिक्षाने काकूंना आणलं. "डोंगर काय, गच्चीवरूनही दिसतो," हे काकूंचं चाळीस वर्षांचं म्हणणं.

"फोकस तू बघ. स्पष्ट झालं की सांग, मग काच घालतो," काका म्हणाले.

काकू कापडाखाली शिरल्या. संध्याकाळचं ऊन सुळक्यांवरून वर सरकत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नितीन कुजबुजला, "काका, लाइट चाललाय."

काका सहावी काच छातीशी धरून उभे होते. "जाऊ दे."

सुळके काळे पडले. मग कापडाखालून काकूंचा आवाज आला.

"अहो, इतकी वर्षं हे एकटेच बघत होतात?"